पदवी कोणाच्या भाषेत?

विद्यापीठात एखाद्या भाषेचा विषय बंद करायची वेळ आली की साहेब लोक एकच वाक्य बोलतात : "विद्यार्थीच येत नाहीत." या वाक्यापुढं सगळे गप्प होतात. विषय पालीचा असला तर आपली पोरं निवेदन घेऊन जातात. उर्दूचा असला तर मुसलमान पोरं जातात आणि आपण टपरीवर चहा पीत बघत बसतो. तेलुगू, कन्नड, फारसी असली तर कुणीच जात नाही. हे लिखाण टपरीवर बसलेल्या आपल्या दोस्तांसाठी आहे.

मला काही जण म्हणतात, तू गिरणीत पाळी करतोस, तुझ्याकडं पदवी नाही, तुला विद्यापीठाच्या भाषेचं काय पडलंय? पडलंय ते यासाठी, की आपल्या नांदेड-लातूरच्या मुलखात गेल्या शंभर वर्षांत पदवीची भाषा पुन्हा पुन्हा बदलली. दर वेळी कुणाचा तरी दरवाजा बंद झाला. आणि दर वेळी आपला माणूस दरवाजाच्या बाहेरच होता, म्हणून त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. ज्याला विचारलं नाही त्यानं इतिहास वाचला पाहिजे. मी वाचला तसा सांगतो.

१९१८ साली निजाम मीर उस्मान अली खाननं हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ काढलं. तोवर हिंदुस्थानात विद्यापीठ म्हटलं की इंग्रजी. उस्मानियानं पदवीपर्यंतचं शिक्षण देशी भाषेत, म्हणजे उर्दूत, देऊन दाखवलं. त्यासाठी १९१७ सालीच भाषांतराचं खातं उघडलं होतं. विज्ञान, कायदा, इतिहास अशा विषयांची पुस्तकं तिथं उर्दूत आणली गेली. हे काम लहान नव्हतं. मराठीतून डॉक्टर-इंजिनियर होता येईल काय, यावर आपल्याकडं अजून परिसंवाद भरतात.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे. चौथा हिस्सा मराठी, आठवा हिस्सा कन्नड. उर्दू घरात बोलणारे शंभरात दहा-बारा. खालच्या वर्गात मराठी चालायची, पण वर चढत गेलं की उर्दू यायची. नोकरीत, कचेरीत, कोर्टात तीच. म्हणजे देशी भाषेचं विद्यापीठ निघालं खरं, पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला ती भाषा इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागायची.

आणि शेतकऱ्याच्या पोराचं तरी हे असं. गावकुसाबाहेरचा पोरगा कुठं होता? बहुतेक गावांत तो शाळेच्या पायरीपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. उर्दू की मराठी हा वाद त्याच्या डोक्यावरून चालला होता. तो तेव्हा मेलेलं ढोर ओढत होता, नाहीतर पाटलाच्या वाड्यावर वेठ करत होता. हे आधी ध्यानात ठेवा, मग पुढचं वाचा.

१९३८ साली विद्यार्थी उठले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि मग हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत पोरांनी 'वंदे मातरम्' म्हणायचं ठरवलं. सरकारनं बंदी घातली. पोरांनी बंदी मोडली. शेकडो पोरं नावं कापून बाहेर काढली गेली. नागपूर विद्यापीठानं त्यांना जवळ केलं, म्हणून त्यांचं शिक्षण वाचलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. गाणं कुठलं होतं यावर आपलं मत वेगळं असू शकेल. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. वसतिगृहातली पोरं एक झाली की विद्यापीठाला हिसका बसतो, आणि एका विद्यापीठानं हाकललं तर दुसऱ्यानं घ्यावं लागतं, हे मराठवाड्याला तेव्हा कळलं. मात्र त्या वसतिगृहांत खाट असणारा पोरगा बहुतेक वरच्या जातीतला होता. जो आत होता त्यालाच बाहेर पडता आलं.

मग १९४८ आलं. त्याआधी रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली, ते सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेच्या पुस्तकातही आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारची फौज आली, निजाम शरण गेला. पुस्तक तिथं संपतं. पुढचं पान पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं लिहिलं होतं. सरकारनंच त्यांना पाठवलं होतं, आणि त्यांचा अहवाल पुढं कैक दशकं कपाटात राहिला. समितीच्या अंदाजानं फौज आल्यानंतर निदान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक सगळी मुसलमान. सर्वांत जास्त होरपळलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरलाच वकिली करायचा, त्याचा सूड साऱ्या गावातल्या गरीब-श्रीमंत मुसलमानांवर निघाला. समिती लातूरला गेली तेव्हा तिथल्या दहाएक हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार तिला दिसले. बाकीचे मेले, नाहीतर पळाले.

पदवीच्या इतिहासात हे कशाला, असं कुणी विचारील. त्याच दिवसांत उस्मानियातलं उर्दू माध्यम गेलं आणि इंग्रजी आलं, म्हणून. तीस वर्षं खपून उभी केलेली पुस्तकं, परिभाषा, शिकवणारी माणसं, सगळं थोड्या काळात मागं पडलं. जी भाषा काल राज्य करत होती ती आज अल्पसंख्याकांची झाली, आणि पदवीतून निघून गेली. विरोध कोण करणार? ज्या घरातल्या पोरांनी मोर्चा काढायचा त्या घरात माणसं मोजायचं काम चाललं होतं. मराठी पोरांना वाटलं, बरं झालं. पण मराठीला काय मिळालं? इंग्रजी मिळाली. खेड्यातल्या पोराला तीही तितकीच लांब होती.

थोड्याच वर्षांत आणखी एक बेत निघाला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारनं उस्मानिया ताब्यात घेऊन तिथं हिंदी माध्यमाचं विद्यापीठ करायचं मनात आणलं. म्हणजे उर्दूच्या जागी इंग्रजी, इंग्रजीच्या जागी हिंदी. जिथं तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे लोक, तिथं या तिघींपैकी एकही नाही! हैदराबादेत विरोध झाला आणि तो बेत बारगळला. ही गोष्ट फार कुणाला माहीत नाही. माहीत असायला हवी. वरून ठरलेला बेत खालच्या विरोधानं बारगळतो, हे आपल्याच जुन्या विद्यापीठात घडलेलं आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं. संस्थानात आपल्या पोरांसाठी उच्च शिक्षणाची पहिली खरी वाट ही. पुढं त्या कॉलेजचं नाव मिलिंद झालं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्यानं भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारले, आणि ते सवाल-जवाब पालीतल्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहेत. विचारून, वाद घालून पटलं तरच मान्य करायचं, असा तो राजा. बाबासाहेबांनी कॉलेजच्या दारावर पालीतलं नाव लावलं ते उगाच नव्हे.

त्यांचं स्वतःचं शिक्षण आठवा. हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला देवभाषा शिकवायची नाही म्हणून नाकारलं, आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९१२ साली ते बी.ए. झाले ते इंग्रजी आणि फारसी घेऊन. दोस्तांनो, हे पुन्हा वाचा. ज्या दिवशी संस्कृतच्या वर्गानं दार लावलं त्या दिवशी फारसीच्या वर्गाचं दार उघडं होतं. त्या शाळेत फारसीचा वर्ग "विद्यार्थी कमी" म्हणून आधीच बंद केला असता तर भीमराव रामजी आंबेडकर या पोरानं दुसरी भाषा म्हणून काय घेतलं असतं? पुढं संस्कृत त्यांनी आपल्या हिमतीनं मिळवलीच. पालीचाही अभ्यास केला, पालीचा कोश रचायला घेतला. तो त्यांच्या माघारी, १९९८ साली, महाराष्ट्र शासनानं त्यांच्या ग्रंथमालेत छापला.

पाली विद्यापीठात आली तीही आपोआप नाही. गोव्याचे धर्मानंद कोसंबी श्रीलंका, ब्रह्मदेश हिंडून, भिक्खूंपाशी बसून पाली शिकून आले. कलकत्त्याला शिकवलं, मग पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ शिकवलं. मुंबई विद्यापीठात पाली यावी म्हणून खटपट केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना ५० रुपये दिले म्हणून त्यांना हे काम करता आलं. तेव्हा पालीला विद्यार्थ्यांची रांग नव्हती. आधी शिकवणारा माणूस आला, त्याच्या भाकरीची सोय झाली, मग विद्यार्थी आले. हा क्रम ध्यानात ठेवा. आज उलटा क्रम सांगतात : आधी विद्यार्थी आणा, मग मास्तर देऊ.

१९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. २३ ऑगस्ट १९५८ रोजी नेहरूंच्या हस्ते औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पुढं मराठीतून परीक्षा देता येऊ लागली. आपल्या पिढ्या कॉलेजात गेल्या त्या मराठीच्या बळावर, हे मान्य केलंच पाहिजे. दलित साहित्य मराठीत उभं राहिलं, त्याचं एक मोठं ठाणं मिलिंदचा परिसर.

पण सरहद्द आखली की दोन्हीकडं माणसं कापली जातात. बिदरमधली उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडं आली, किनवट आदिलाबादेतून नांदेडात आलं, मुधोळ नांदेडातून तिकडं गेलं. किनवटचा गोंड, तांड्यावरचा बंजारा, धर्माबाद-बिलोलीकडचा तेलुगू बोलणारा, देवणीकडचा कन्नड बोलणारा, नांदेडच्या गुरुद्वाराभोवतीचा पंजाबी बोलणारा, आणि जिल्ह्याजिल्ह्यातला उर्दू बोलणारा, हे सगळे मराठी राज्यात थोडके झाले. आणि मुधोळचा मराठी माणूस तेलुगू राज्यात थोडका झाला. काल उर्दूखाली दबलेली मराठी आज वर आली. वर आल्यावर ती कशी वागते, हा खरा प्रश्न.

बाबासाहेबांनी हे आधीच पाहिलं होतं. ८ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत अल्पसंख्याकांच्या भाषा-लिपी-संस्कृतीच्या हक्काचं कलम चर्चेला होतं. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की इथं अल्पसंख्याक हा शब्द धर्मापुरता नाही. मद्रासचे लोक मुंबईत येऊन राहिले, महाराष्ट्रातले लोक बंगालात जाऊन राहिले, तर तेही भाषेनं अल्पसंख्याक, आणि त्यांनाही हे रक्षण आहे. तेच आजचं २९वं कलम. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी इशारा दिला की एका भाषेच्या राज्यात एका मोठ्या जातीचं राज्य होईल आणि लहान समाज तिच्या टाचेखाली येतील. तेवीस वर्षांनी मराठवाड्यात तेच झालं.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यावर गावोगाव आपली घरं जाळली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ऑगस्टमध्ये मारलं. जाळणारे आणि जळणारे, दोघंही मराठीच बोलत होते. भाषा एक असली म्हणजे माणूस आपला होतो, हा भ्रम तिथं जळाला. सोळा वर्षं लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडात स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव मिळालं.

आणि त्याच साली १७ सप्टेंबरला नांदेडला नवं विद्यापीठ झालं. नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं त्याच्याकडं गेली. त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. स्वामीजी निजामाविरुद्ध लढले, त्यांच्याबद्दल आकस नाही, जवळ विद्यापीठ आलं याचा गरिबाच्या पोराला फायदाच झाला. तरी हिशेब मांडा. ज्या नांदेडनं नावासाठी माणसं दिली, त्या नांदेडच्या पदवीवर ते नाव जेमतेम आठ महिने राहिलं. म्हणून मी म्हणतो, पाटी महत्त्वाची आहे, पण पाटीखालच्या वर्गात काय शिकवलं जातं, कुणाच्या भाषेत, यावर नजर ठेवणारा माणूस त्याहून महत्त्वाचा. पाटीवर आपली नजर सोळा वर्षं हलली नाही. वर्गावर ती कधी बसलीच नाही.

आता भाषेचा वर्ग कसा मरतो ते बघा. कुणी फर्मान काढत नाही. मास्तर निवृत्त होतो, जागा रिकामी राहते. मग तासिका तत्त्वावरचा माणूस येतो, त्याला तासाचे पैसे, तेही सहा महिन्यांनी. तो दुसरीकडं पोट बघतो. वर्ग होत नाहीत म्हणून पोरं दुसरा विषय घेतात. मग माहितीपत्रकातलं नाव बारीक होतं. शेवटी विद्यापरिषदेपुढं कागद येतो : "विद्यार्थी नाहीत." आधी हातपाय बांधायचे आणि मग म्हणायचं, हा चालत नाही.

वर दिल्लीत काय झालं? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पाली हा वैकल्पिक विषय होता. २०१३च्या फेरबदलात तो गेला. पालीबरोबर अरबी गेली, फारसी गेली. बघा, आपली भाषा आणि त्यांची भाषा एकाच यादीतून, एकाच हातानं कापली. संस्कृत राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रानं मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषा म्हटलं. ढोल वाजले. पण अभिजात म्हटल्यानं रिकामी खुर्ची भरत नाही.

पाली शिकून पोट भरत नाही, असं आपलेच लोक म्हणतात. खरं आहे. मजुराच्या पोरानं नोकरीचा विषय घ्यावा, त्यात लाज नाही. पण हा प्रश्न संस्कृतला का विचारत नाहीत? महाराष्ट्रात रामटेकला १९९७ पासून संस्कृतचं स्वतंत्र विद्यापीठ आहे. २०२० साली कायदा करून देशात तीन केंद्रीय संस्कृत विद्यापीठं झाली. व्हावीत. पण रामटेकसारखं पालीचं विद्यापीठ महाराष्ट्रात उभं राहिलेलं नाही. विद्यार्थी मोजायचं माप सगळ्यांना एक नाही, हे उघड आहे. माप एक करा, एवढंच आपलं म्हणणं.

आणि उर्दू-फारसीचं आपल्याला काय? मोर्चात आपण हक्क म्हणतो, शहीद म्हणतो, इन्किलाब म्हणतो. अर्ज, दाखला, मजूर, जमीन, वकील हे शब्द रोज तोंडात असतात. निजामाच्या काळातले वतनाचे, इनामाचे, गायरानाचे कागद उर्दू-फारसीत आहेत. आपल्या आजा-पणजाच्या जमिनीचा दावा कोर्टात उभा राहील तेव्हा तो कागद वाचणार कोण? ती लिपी शिकवणारा वर्ग बंद झाला तर गेलेल्या जमिनीचा पुरावाही मुका होईल.

म्हणून काम सांगतो. आपापल्या कॉलेजात, विद्यापीठात माहितीच्या अधिकारात अर्ज करा. भाषेच्या प्रत्येक विषयाला मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून, जाहिरात निघाली का, प्रवेशाच्या माहितीपत्रकात विषय छापला होता का, हे विचारा. फक्त पालीचं विचारू नका. उर्दूचं विचारा, तेलुगूचं, कन्नडचं विचारा. उर्दूच्या पोरांना सोबत घेऊन एकाच कागदावर सह्या करा. अधिसभेला कोण निवडून जातो ते बघा, त्याला गाठा. आणि ज्याला परवडतं त्यानं स्वतः नाव घाला त्या वर्गात, म्हणजे ते एक वाक्य खोटं पडेल.

१९४८ नंतर उर्दूच्या बाजूनं बोलायला आपण नव्हतो, आपल्याला बोलायला जागाच नव्हती. आज जागा आहे. ती कुणी दिलेली नाही, टेंभुर्णीपासून नांदेडच्या रस्त्यापर्यंत रक्त सांडून घेतलेली आहे. त्या जागेवर उभं राहून फक्त आपल्यापुरतं बोललो तर बाबासाहेबांनी २९वं कलम उगाच समजावून सांगितलं असं होईल. पुढच्या वेळी नोटीस लागेल तेव्हा ती कुठल्या भाषेची आहे ते नंतर वाचा. आधी टपरीवरून उठा.

जय भीम.